लाइनीवर तिसरा असतेच

माझे घरमालक फोनवर कधीच खरं बोलत नसत. काकू बाजारातून फोन करून विचारायच्या, भाजी कोणती घेऊ, तर इकडून उत्तर जायचं, "तुले माहीत आहे," आणि फोन बंद. काकू निमूट वांगी घेऊन यायच्या. मग काका चिडायचे, की मले तर दोडके पाहिजे होते. पण दोडके हा शब्द फोनवर उच्चारायची त्यांची तयारी नव्हती.

सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. नागपूर, गोंदिया, शेवटी रायपूर. जुन्या एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लाइन तपासताना लोकांची भांडणं, सोयरिकी, रडणं सगळं त्यांच्या कानावरून गेलं होतं. "लाइनीवर तिसरा असतेच," हे त्यांचं पालुपद. "दोघं बोलते तवा तिसरा ऐकते. मीच होतो न तो तिसरा. मले काय शिकवतं तू?"

मी तेव्हा समितीसाठी पत्रकं लिहायचे. बीरगावच्या कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्या लोकांची समिती. पत्रक लिहिणाऱ्याला माणूस झटकन ओळखावा लागतो, आपल्या बाजूचा की त्यांच्या. काकांना मी कुठल्याच बाजूला बसवू शकले नाही. ते भित्रे होते आणि त्याची त्यांना तसूभर लाज नव्हती. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, लोक छाती काढून चालायला लागले; काका भिंतीच्या कडेनंच चालत राहिले. त्यांच्या मुलीनंही रोज स्कूटीनं ड्यूटीवर पोचली की फोनवर नुसती घंटी द्यायची, बोलायचं नाही, असा नियम होता. समता कॉलनीतली मागची खोली मला देताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. लग्न झालं का नाही, मांसमच्छी खाते का नाही, असलं काही नाही. म्हणाले, "तुह्यामागं कोणी येते का?" मी हसून सांगितलं, कधी कधी पोलीस. ते हसले नाहीत. खोली मात्र दिली. काहून दिली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

कॅमेरा माझ्यासाठी लागला नव्हता, हे आधीच सांगते. शेजारी दवाखाना होता आणि पेशंट लोक आपल्या गाड्या बेधडक काकांच्या फाटकाला लावून आत नंबर लावून बसायचे. काकांनी फाटकावर कॅमेरा बसवायचं ठरवलं. बसवायला आलेल्या माणसानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, मोबाइलमध्ये अ‍ॅप टाका अंकल, दुनियेत कुठूनही आपलं आंगण बघा. काकांचा चेहरा पडला. मी कुठूनही पाहू शकतो, तर कोणीही कुठूनही पाहू शकते, असं म्हणून त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि कॅमेरा तेवढा ठेवून घेतला.

मग ते पायथन शिकले. या वयात लोक गीता वाचतात, काका फुकटचे व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकले. कॅमेरा घरातल्या राउटरला जोडला, त्याची बाहेरच्या इंटरनेटची वाट बंद केली, आणि त्याच्याकडून चित्र मागून घेऊन स्वतःच्या डिस्कवर साठवणारी स्क्रिप्ट स्वतःच्या हातानं लिहिली. ती ते मला ओळीवर बोट ठेवून समजावायचे. "ही ओळ कॅमेऱ्याचं दार वाजवते. ही पासवर्ड सांगते. ही म्हणते, दे चित्र. देल्लं तं लिहून घेते. नाही देल्लं तं थोडी थांबते आन् पुन्हा दार वाजवते. सरकारी हापिसात गेल्यावानी." कॅमेरा अडकला की पडद्यावर काकांनीच लिहून ठेवलेली ओळ उमटायची, "बोलून नाही राहिला." डिस्क भरली की स्क्रिप्ट सगळ्यात जुन्या फाइली पुसून त्यांच्या जागी नव्या लिहायची, तेव्हा यायचं, "जुनं फेकून राहिलो."

रेकॉर्डिंग लहान लहान तुकड्यांत व्हायचं. फाइल नीट बंद व्हायच्या आधी लाइट गेली तर ती पुन्हा उघडतच नाही, आतलं सगळं मातीत जातं. म्हणून काका मोठी फाइल होऊच द्यायचे नाहीत. मोठी फाइल म्हणजे मोठं भेव, असं म्हणायचे. जेवतानाही ते भाताचे आधी लहान लहान वाटे करायचे आणि मगच कालवायचे. काकू म्हणायच्या, हे माझ्यासोबतही तुकड्यातुकड्यानंच राहिले.

गाडी लावणाऱ्यांचा बंदोबस्त त्यांनी असा केला की ज्या गाडीनं फाटक अडवलं, तिचा फोटो रेकॉर्डिंगमधून काढायचा, छापायचा आणि फाटकावरच चिकटवायचा. खाली मोठ्या अक्षरांत, "यह गाड़ी किसकी है?" सगळ्या कॉलनीला हसू यायचं. पण गाड्या हलायच्या. काकांना या उपायाचा फार अभिमान होता.

रविवारी माझ्या खोलीवर सुकवारो दीदी यायची. बीरगावशेजारच्या उरला वसाहतीतल्या एका कारखान्यात तिच्या नवऱ्याचा हात प्रेसखाली गेला आणि कारखाना म्हणाला, हा माणूस आमच्याकडे कधी कामालाच नव्हता. "मोर आदमी के हाथ उहें कटिस," दीदी पहिल्या दिवशी म्हणाली, "अउ कहत हें, उहां कभू आइस नइ." माझ्या नवऱ्याचा हात तिथंच तुटला आणि हेच म्हणतात, तो तिथं कधी आलाच नाही. एवढं ती रडत बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एखाद्याला पत्ता सांगावा तशी बोलली.

त्याच कारखान्यात पॅकिंगला असणाऱ्या काही बाया साक्ष द्यायला तयार झाल्या होत्या, की हो, हा माणूस आमच्या डोळ्यांदेखत तिथं काम करत होता. समितीनं दीदीसाठी लावलेल्या केसची सुनावणी दिवाळीनंतर होती, तोवर त्यांची नावं कुणाला कळता कामा नव्हती. कळली तर कामावरून काढतील, हा त्यातला सगळ्यात लहान धोका होता. मागच्या एका केसमधला साक्षीदार नाल्याच्या काठाला सापडला होता, बोलता न येणाऱ्या अवस्थेत. या बाया प्रत्येकीनं वेगळ्या रस्त्यानं, तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून यायच्या. रायपूरच्या उन्हात सगळ्याच मुली तशा फिरतात, कुणाला वावगं वाटत नाही.

पण काकांचा नियम आडवा यायचा. तोंड बांधलेला माणूस त्यांच्या घरात शिरू शकत नव्हता. फाटकाशी उभं राहायचं, स्कार्फ सोडायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, मग कडी निघणार. मी भांडले. म्हटलं, या बाया चोर आहेत का? ते म्हणाले, चोर नाही, पण चोर बी स्कार्फच बांधते. बायाच शेवटी म्हणाल्या, राहू दे दीदी, बुढ़ऊ आहे. आणि एकेक जण वर बघून तोंड उघडायची. एक तर केस सारखे करायची.

काही रविवारांनंतर समोरच्या पानठेल्यावर दोन माणसं दिसायला लागली. काळी मोटरसायकल. एकाच्या हातात कडं. पान खायचे नाहीत, नुसते उभे. दीदीच्या मागोमाग यायचे आणि ती गेली की जायचे. दीदीला ते ओळखतच होते, तिला भेटायला कोण येतं ते त्यांना हवं होतं. पण रस्त्यावरून त्यांना फक्त पाठी दिसायच्या आणि बांधलेले स्कार्फ.

मला संताप यायचा. मी सरळ रस्ता ओलांडून विचारायला निघाले होते, काकांनी दंड धरून आत ओढलं. "त्यायले मालूम नाही पडू देऊ का आपल्याले मालूम आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून घरातला फोन वाजायला लागला. उचलला की पलीकडे कोणी बोलायचं नाही. काका फोन कानाला लावून बराच वेळ ऐकत राहायचे आणि ठेवताना पुटपुटायचे की श्वास जवान माणसाचा आहे.

एकदा ते माझ्यासोबत नव्या रायपूरला आले होते. मी अर्ज द्यायला, ते नुसते बघायला. बस मिळता मिळेना, मिळाली तर रिकामी. सहा सहा गाड्या शेजारी धावतील एवढे रस्ते आणि त्यावर एक गाय. काकांनी बसमधून उतरताच गमछा तोंडावर घेतला. मी म्हटलं, आता तुम्ही बांधता का? ते खांबांकडे बोट न दाखवता, नुसत्या भुवईनं दाखवत होते. इथं एक, तिथं एक, चौकात चारी दिशांना. "पाह्य न. माणसं यायच्या पह्यलेच पाहणारे येऊन बसले," ते म्हणाले. आणि थोडं चालून, "या पाहणाऱ्यायची स्क्रिप्ट कोणी लिहिली, ते विचारशीन का तुह्या अर्जात?" मी ते वाक्य पुढे एका पत्रकात जसंच्या तसं वापरलं. त्यांचं नाव घातलं नाही. घातलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी खोली खाली करायला लावली असती.

नवरात्रातली गोष्ट. त्या दोघांनी एका रविवारी मोटरसायकल ठेल्याकडे न लावता सरळ काकांच्या फाटकाला लावली. काका आत होते. संध्याकाळी रेकॉर्डिंग चाळताना त्यांना फाटक अडवलेली गाडी दिसली, आणि हात सवयीनं चालला. फोटो काढला, छापला, चिकटवला. यह गाड़ी किसकी है? कुणाची आहे हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते फाटकाकडे धावले, पण तोवर फोटो कुणीतरी नेला होता. चारही कोपरे तेवढे चिकटून राहिले होते.

अष्टमीला दोघं घरी आले. चपला बाहेर काढून, हात जोडून. कडंवाला बोलायचा, दुसरा नुसता घर बघायचा. अंकल, आपका कैमरा तो बड़ा बढ़िया है. कॉलनीत चोऱ्या वाढल्यात, आमच्या साहेबांनी सांगितलंय की सगळं रेकॉर्डिंग एकदा तपासून घ्या, डिस्क द्या, परत करू. कोण साहेब, हे त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. पोलीस असते तर कागद आणला असता, असं मी म्हणायला तोंड उघडलं, तर काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

काका त्यांच्याशी हिंदीत बोलले. म्हणाले, बेटा, ले जाओ. पण उद्या आमची खंडेनवमी. आमच्या लोकांत त्या दिवशी अवजारांची पूजा होते, पूजेत बसवलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. ही सगळी मशीन आता पूजेतच मांडायची आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या.

कडंवाल्यानं दुसऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हव अंकल. पूजा तो पूजा है." ते गेले. पण एक जण जाऊन ठेल्यावर बसला आणि तिथंच राहिला. घरातून काही बाहेर जातंय का, ते बघायला.

मी म्हटलं, हातोडा आणा. काका म्हणाले, फुटलेली डिस्क म्हणजे कबुली. मी म्हटलं, मग पुसून टाका. ते म्हणाले, नुसतं पुसलेलं परत काढता येतं, आणि कोरी डिस्क दिली तर तीही कबुलीच. पुसून जायला त्यावर दुसरं काही लिहावं लागेल. आणि ते दुसरं असं पाहिजे की कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

मग आमचं खरं भांडण झालं, कारण मला त्या दोघांचे चेहरे हवे होते. कारखान्यानं माणसं मागावर सोडली, याचा जगात एवढाच पुरावा होता. म्हटलं, तेवढ्या फाइली मला द्या, मी कशातही लपवून नेते. काकांनी एकेक फाइल उघडून दाखवली. जिथं ते दोघं, तिथं फाटकाशी एखादी बाई, तोंड उघडं, वर बघणारी. "हे कवा येते? बाया येते तवा. मंग बायांबिगर या दोघायचा फोटो मी कुठून आणू? आन् ठेल्यावर बसला त्यानं तुही झडती घेतली, तं?" मी त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. आणि मी आजही म्हणते, तो पुरावा जायला नको होता. या देशात मजुराकडे पुरावा असतो तोच मुळात एवढासा, आणि तोही आपल्याच हातानं पुसायची पाळी यावी, याला मी शहाणपण म्हणणार नाही. पण त्या फाइलीतली ती केस सारखे करणारी पोरगी बघितल्यावर मी फाइली मागणं सोडलं.

नवमीला सकाळी काकांनी अंघोळ करून पाट मांडला. पकड, टेस्टर, लाइनमनचा जुना काळा हँडसेट, कीबोर्ड, सगळ्याला हळदकुंकू. मग स्टूल घेऊन बाहेर गेले आणि ठेल्यावरच्या माणसाच्या देखत, त्याला रामराम करून, कॅमेऱ्याला झेंडूची माळ घातली. जाडजूड माळ, दोनदा गुंडाळलेली. थेट काचेवर.

आत येऊन ते पाटासमोर उभे राहिले. पूजेतल्या वस्तूला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. एक्स्चेंज बंद पडलं होतं त्या वर्षीसुद्धा नाही, वरिष्ठांच्या शिव्या खाऊन घरी बसून राहिले होते. काकू हळूच म्हणाल्या, "हात लावून राहिले तुम्ही?" काकांनी कीबोर्डवरच्या अक्षता बोटानं बाजूला सारल्या आणि स्क्रिप्ट उघडली. व्हिडिओ दाबून लहान करणारी ओळ काढून टाकली, म्हणजे चित्र कच्चंच साठेल आणि भसाभस जागा खाईल. मग चालू केली. पडद्यावर झेंडू. नुसता नारिंगी, वारा आला की हलणारा. आणि थोड्या वेळानं त्याखाली ती ओळ यायला लागली, जुनं फेकून राहिलो, जुनं फेकून राहिलो. दिवसभर येत राहिली. काका खुर्चीवर बसले नाहीत. पडद्याकडे बघत उभे होते. लाइट जाऊ नये म्हणून काकू देवाजवळ होत्या. मी खिडकीतून ठेला बघत होते. त्या माणसानं एकदा मान वर करून माळेकडे पाहिलं आणि मला वाटलं, कळलं. मग त्यानं सुपारी तोंडात टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं आले. काकांनी आपट्याची सोनपत्ती दिली, काकूंनी चहा. घेऊन जायच्या आधी इथंच दाखवा म्हणाले. काकांनी एक फाइल उघडली. झेंडू. दुसरी. झेंडू. मधली कुठलीतरी, शेवटची, सगळीकडे तेच. दुसरा माणूस खदखदून हसला, म्हणाला, अंकल ने तो भगवान की ही पिक्चर बना दी. काका ओशाळल्यासारखं हसले. म्हणाले, पूजेच्या गडबडीत बंद करायचं राहिलं बेटा, भरली की जुनं आपोआप जातं.

कडंवाला हसला नाही. बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं.

"पूजा तो हम भी करते हैं अंकल. हमने भी गाड़ी को माला पहनाई है," तो म्हणाला. "पर हेडलाइट पे नहीं."

त्यानं स्वतःच वायर काढली, डिस्क घेतली. दारात चपला घालताना काकूंना अगदी घरच्यासारखं विचारलं की बिटिया आता पण स्कूटीनंच ड्यूटीवर जाते ना. काकूंनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर वर्षभरात काकांनी घर विकलं आणि सगळे अमरावतीला गेले. नवा पत्ता त्यांनी मला दिला नाही. तसं त्यांच्याबद्दल मी कुणाला सांगते तेव्हा लोक झेंडूपाशी हसतात. मी हसू शकत नाही, कारण डिस्क गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कारखान्याच्या गेटासमोर होते.

डिस्कवर एखादा तुकडा शिल्लक राहिला असेल, तर ते तिथंच कळणार होतं. सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायचा होता. सुकवारो दीदी माझ्याजवळ चहाच्या टपरीआड उभी होती, माझ्या ओढणीचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. गेटावर रोजच्या गार्डसोबत कारखान्याचा हजेरी ठेवणारा मुन्शी उभा होता, हातात मोबाइल. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच प्रत्येक बाईला तो स्कार्फ सोडायला लावत होता. ती तोंड उघडायची, तो मोबाइलकडे बघायचा, मग तिच्याकडे, पुन्हा मोबाइलकडे. आपल्यातली पहिली आली. त्यानं तिला थांबवलं, जवळ बोलावलं. दीदीच्या तोंडून काही आवाज आला, शब्द नव्हता. मुन्शीनं मान हलवली. ती आत गेली. मग दुसरी. केस सारखे करणारी सगळ्यात शेवटी आली, तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिला त्यानं धड बघितलंसुद्धा नाही. त्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये काय होतं ते मला माहीत नाही. आपल्यापैकी कुणी नव्हतं. गेट बंद झालं.

मी काकांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. मी नावं घेतली नाहीत.

"गेल्या," मी म्हटलं. "सगळ्या."

पलीकडून एक लांब श्वास सुटला. मग काकूंचा आवाज आला, लांबून, अहो पहाटपासून उभे आहात तुम्ही, आणि खुर्ची ओढल्याचा.

"ठेव आता," काका म्हणाले. "मले बसू दे."